आरोंदा ते आजरा : पाण्याच्या मागोमाग

सुकती लागली होती. आरोंद्याच्या धक्क्यावरून आमची होडी सुटली तेव्हा तेरेखोलच्या खाडीचं पाणी ओसरायला लागलं होतं आणि काठाचा काळा चिखल हळूहळू उघडा पडत होता. अलीकडचा काठ महाराष्ट्राचा, पलीकडचा गोव्याचा. वाफ्यात काड्या रोवाव्यात तशी तिवराची श्वासमुळं चिखलातून बोट बोट वर आली होती, नजर पोचेल तिथवर. होडीवाले काका वल्हं आत घेऊन थांबले आणि त्यांनी मला विचारलं, "खाडीतलां पाणी खयसून येता, ठावक आसा?"

मी म्हटलं, समुद्रातून.

"अर्धां दर्यातसून," ते म्हणाले, "नि अर्धां घाटावयसून."

पुढचे पाच दिवस मी या उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्या भागामागे फिरले. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सोबत मावसभाऊ, म्हणजे दादा, आणि त्याची मोटरसायकल. समुद्रसपाटीपासून निघायचं, सह्याद्रीचा घाट चढून आंबोलीला जायचं, आणि पलीकडे देशावर आजऱ्याला उतरायचं, एवढंच ठरवलं होतं. अंतर फार नाही, सरळ गेलं तर एका दिवसात होतं. पण एवढ्याशा अंतरात झाडं किती वेळा बदलतात, आणि झाडं बदलली की माणसांच्या पदरात पडणाऱ्या गोष्टी कशा बदलतात, ते मला सावकाश बघायचं होतं.

या सगळ्याला कारण झाली मावशीची विहीर. तिच्याबद्दल पुढे लिहिते. आधी खाडी.

कांदळवनाला आपण सगळे मिळून 'खारफुटी' म्हणतो, पण होडीतून बघितलं की त्यातले थर दिसतात. पाण्याला अगदी लागून कांदळ, त्याची मुळं खोडातून कमानीसारखी बाहेर येऊन चिखलात उतरलेली. मग चिप्पी. यातल्या पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान दिला. आत तिवर, हुरा, आणि काठावर काटेरी मारांडी. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. हिरवी, हातभर लांब शेंग फांदीला लोंबत वाढते आणि सुटली की चिखलात उभी रुतते, किंवा पाण्यावर तरंगत दुसरा काठ शोधते. काकांनी एक पडलेली शेंग उचलून माझ्या हातात दिली. खालचं टोक तपकिरी, टोकदार, आणि तिथे मुळांचे बारीक फुगवटे आलेले. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा सगळं धुऊन नेत असताना बीला मातीत पडून सावकाश रुजायला सवड कुठून मिळणार? म्हणून आईच्या अंगावरच ते मोठं होतं.

कमानींच्या आत पाणी संथ होतं. बोटाएवढी पिल्लं झुंडीने फिरत होती. तांबोशी, काळुंदर, बोय, सुंगटं, कुर्ल्या, या सगळ्यांचं लहानपण अशाच मुळांच्या जंजाळात जातं, कारण मोठ्या माशाला तिथे शिरता येत नाही. मालवणी ताटातला मासा समुद्रात पकडलेला असला तरी त्यातला बराचसा इथे वाढलेला असतो. आणि तो काळा, कुबट वासाचा चिखल! त्यात हवा जवळजवळ नसते, त्यामुळे पडलेली पानं, मेलेली मुळं लवकर कुजत नाहीत. त्यांच्यातला कार्बन शेकडो वर्षं चिखलात गाडलेला राहतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा एक बचत गट गेली काही वर्षं होडीतून हे वन दाखवतो. तिकडे गेलात तर वेळ काढून नक्की जा. काठावर नुसतं उभं राहून कांदळवन कळत नाही.

पण माझ्या लक्षात राहिल्या त्या मुळे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढणाऱ्या दोन बायका. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पायाने चाचपायचं, शिंपला लागला की वाकून काढायचा आणि कमरेच्या टोपलीत टाकायचा. त्यातली एक म्हणाली, पूर्वी इथे तळ वाळूचा होता, आता पावसात वरून तांबडी माती येते आणि मुळ्यांवर बसते. तिने पायाच्या अंगठ्याने तळ उकरून दाखवला. वरचा थर लालसर, चिकट, खाली करडी वाळू. तांबडी माती खाडीची नसतेच. ती डोंगराची. कुठल्या तरी चढावर झाडं गेली, आणि तिथली माती वाहत इथवर आली. घाटावरचा निर्णय खाडीतल्या बाईच्या टोपलीत किती शिंपले पडणार ते ठरवतो, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

सावंतवाडीला संध्याकाळी पोचलो. मावशीच्या खळ्यात रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, वास भरून राहिला होता. सोलं करायचं काम जोरात होतं. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात घालायची. गरात मीठ घातलं की लालभडक रस सुटतो. त्या रसात वाळलेली सालं बुडवून परत वाळवायची. असं एक एक पूट देत जायचं, साल काळंभोर आणि मऊ होईपर्यंत. उरलेला खारट रस म्हणजे आगळ. बियांचं तेल काढून त्याचं मुठेल करतात, थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायला. मावशीचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले होते. "पाऊस येण्याआधी सगळां आटपूक होया," ती म्हणाली. तिची सगळी घाई आभाळाशी होती.

कोकम हे मुळात सह्याद्रीच्या पायथ्याच्या, ओलसर रानातलं झाड. मोठ्या झाडांच्या सावलीत, व्हाळाच्या कडेला वाढणारं. माणसाने ते परसात आणलं. मावशीकडे चार झाडं आहेत, आणि त्यांच्या मागे ती विहीर.

चिऱ्यांनी बांधलेली, जुनी. माझ्या लहानपणी मृग लागेपर्यंत तिला पाणी असायचं. मे महिन्यात सगळी भावंडं जमायची, वीस वीस माणसं न्हायची, आणि तरी सकाळी पाणी पुन्हा आपल्या खुणेला यायचं. मागचा डोंगर तेव्हा रानाचा होता. किंजळ, ऐन, कुंभा, जांभूळ, मध्ये मध्ये बांबूची बेटं. काही वर्षांपूर्वी तो डोंगर कुणीतरी बाहेरच्याने विकत घेतला आणि जेसीबी लावून एका उन्हाळ्यात उघडा केला. पायऱ्या पाडल्या. त्यावर काही लागवड व्हायची होती, ती अर्धवट राहिली. पहिल्याच पावसात मावशीच्या परसात ढोपरभर लाल चिखल आला. आणि गेली दोन वर्षं विहीर एप्रिलमध्येच तळाला जाते. मी वाकून बघितलं तेव्हा खाली कळशीही बुडणार नाही एवढं पाणी होतं, त्यात आभाळाचा एक तुकडा.

पाऊस तेवढाच पडतो. डोंगराची उंची तेवढीच आहे. बदललं ते फक्त डोंगराच्या अंगावरचं.

जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी पटकन घेतो, आणि पटकन सोडूनही देतो. म्हणून कोकणातल्या विहिरी पावसात काठोकाठ भरतात आणि उन्हाळ्यात भराभर उतरतात. वर रान असेल तर पालापाचोळ्याखालची भुसभुशीत माती आणि मुळांनी केलेल्या वाटा पावसाला अडवून थोडं थोडं आत सोडतात. जांभ्याचं धावरेपण रानाने सावरलेलं असतं. रान गेलं की ते सावरणारं कुणी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दोडामार्गाकडे गेलो. घाटाची वाट ती नव्हे, हे खोरंही वेगळं, तिळारीचं. त्याचं पाणी पुढे गोव्यात शापोरा नदी होऊन समुद्राला मिळतं. पण हेवाळे-बांबर्डेची देवराई बघितल्याशिवाय वर चढायचं नाही असं मी ठरवलं होतं. वाटेत रबराच्या आणि अननसाच्या बागा लागल्या. जिकडे तिकडे काजू तर आहेच. काजूबद्दल मी वाईट बोलणार नाही. दादाचं आणि त्याच्या बहिणीचं शिक्षण काजूवर झालं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या कलमांनी या जिल्ह्यातली कितीतरी घरं उभी केली. पण एकाच झाडाने भरलेला डोंगर पैसे देतो तेव्हा दुसरं काही द्यायचं थांबवतो, आणि त्या थांबलेल्या गोष्टीची पावती कुणी फाडत नाही, म्हणून ती लक्षात यायला वेळ लागतो.

देवराईच्या तोंडाशी एक वयस्कर काका भेटले. "चपला हयसरच काढा," म्हणाले. "देवाची राय आसा ती." देव भालंदेश्वर. राई फक्त २.५९ हेक्टरची, म्हणजे सहा-साडेसहा एकर. एवढ्याशा जागेला फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं, कारण इथे रानजायफळाची दलदल आहे. केरळात, उत्तर कन्नडमध्ये आणि गोव्यात, सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत, अशा दलदली माहीत होत्या. महाराष्ट्रात त्या असतील असं फार कुणाला वाटलं नव्हतं.

आत पाऊल टाकलं आणि पायाखाली गारवा आला. मे महिन्यात! बाहेर ऊन अंग भाजत होतं, आणि इथे घोट्यापर्यंत काळं, थंड पाणी, झाडांच्या बुंध्यांमधून सरकत जाणारं. वाहतंय की नाही ते कळावं म्हणून मी एक वाळलं पान पाण्यावर ठेवलं. ते अगदी सावकाश फिरलं, एका मुळाला टेकलं, सुटलं, आणि पुढे गेलं. ती मुळं बघण्यासारखी आहेत. गुडघा दुमडावा तशी जमिनीतून वर येऊन परत जमिनीत जाणारी, शेकडो. चिखलात हवा मिळत नाही म्हणून झाडाने श्वास घ्यायला काढलेली. आदल्या दिवशी खाडीत तिवराने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला मी पाहिला होता. तिथे खारं पाणी, इथे गोडं. दोन्हीकडे गुदमरणारा चिखल, आणि दोन्हीकडे मुळांनीच वर येऊन हवा शोधलेली.

रानजायफळाचं बी मोठं असतं, आणि वाळलं की मरतं. ओल सोडून त्याला दूर जाता येत नाही. धनेशासारखा मोठ्या चोचीचा पक्षी त्याच्या पत्रीसाठी ते गिळतो आणि कुठेतरी टाकतो. ती जागा ओली निघाली तर नवं झाड. म्हणून अशी दलदल एकदा सुकली की नुसती रोपं लावून ती परत येत नाही. बारमाही ओहळ, सखल जागा, दाट सावली, पक्षी, सगळं एकत्र असावं लागतं.

तिथून बाहेर पडताना मी एक साधी गोष्ट करून बघितली. राईच्या कडेला, पाचोळा होता तिथे, लिटरभर पाणी एका जागी ओतलं. ओतून होईस्तोवर ते जिरलंसुद्धा. मग रस्त्याच्या पलीकडे नुकत्याच पायऱ्या पाडलेल्या चढावर तेवढंच पाणी ओतलं. ते क्षणभर थांबलं, लाल झालं, आणि माझ्या चपलांवरून ओघळून उताराला लागलं. तळहाताएवढी जागा तेवढी ओली झाली. तिथेही नखाएवढ्या खोलीखाली माती कोरडीच. दादा शेजारी उभा राहून बघत होता. तो बोलला काही नाही, पण संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने मावशीला हे सगळं हातवारे करून सांगितलं.

राईच्या खाली पोफळी आणि माड आहेत. त्यांना पाटाने पाणी जातं. पाटात हात घातला तर तेच थंड पाणी. देवाच्या नावाने जे तोडलं गेलं नाही त्यावर खालची बागायत उभी आहे. डॉ. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास करून लिहिलं तेव्हा शास्त्राच्या जगात ती नवी गोष्ट होती. गावात ती रीत म्हणून चालत आलेली होती.

काळोख पडायच्या आत निघा, असं त्या काकांनी बजावलं. कर्नाटकातून २००२ च्या सुमारास हत्ती या बाजूला उतरले, आणि माड-पोफळीची नासधूस हा तेव्हापासून इथल्या माणसांचा मोठा त्रास आहे. रान तुटत गेलं की जनावर बागायतीत येणारच, आणि ज्याची बाग उद्ध्वस्त होते त्याला रानाचं प्रेम शिकवणंही बरं दिसत नाही. दोन्ही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे घाटाला लागलो. दाणोली सोडली की रस्ता चढायला लागतो. हा रस्ता जुना. वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीला पोचवायला इंग्रजांनी तो केला, आणि आंबोलीला थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं. मी मोबाइलवर उंची बघत होते. दोनशे मीटरपर्यंत साग, ऐन, किंजळ, नाणा. पानगळीचं रान, बरीच झाडं निष्पर्ण, जमिनीवर करकरीत पाचोळा. चारशेच्या पुढे हिरवा रंग काळपट व्हायला लागला. झाडांनी पानं टाकलेलीच नव्हती. साडेसहाशेला पोचलो तेव्हा गाडीवर वारा गार लागत होता. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. आंबोली ६९० मीटरवर आहे, म्हणजे खालच्यापेक्षा चार-पाच अंशांचा फरक. अंगाला तो त्याहून जास्त जाणवतो.

या उंचीनेच इथला पाऊस घडतो. समुद्रावरून आलेला बाष्पाने जड वारा किनाऱ्यावरून आडवा निघून येतो, आणि सह्याद्रीची भिंत त्याला वर ढकलते. वर गेला की पसरतो, पसरला की थंड होतो, आणि थंड हवेला तेवढं बाष्प पेलवत नाही. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस होतो, आंबोलीला सात हजारांच्या घरात. चाळीसेक किलोमीटर आत आणि सातशे मीटर वर, एवढ्यात दुपटीहून जास्त.

वरचं रान खालच्यापेक्षा बुटकं आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, ही इथली मुख्य त्रयी. सोसाट्याचा वारा आणि पातळ माती, त्यामुळे झाडं उंच जात नाहीत, पण छत्र्यांना छत्र्या लावल्यासारखे माथे एकमेकांत गुंतलेले. खोडांवर सुकलेलं शेवाळ, आमरीची झुडपं, नेचे. मे महिन्यात ते सगळं मेल्यासारखं दिसतं. मी एका खोडावरच्या शेवाळावर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि चहा पिऊन परत आले तर ते हिरवं झालं होतं. पावसाळ्यात ढग या रानातूनच जातात, आणि पानं, शेवाळ, फांद्या ढगातलं पाणी गाळून घेतात. पाऊस पडत नसतानाही झाडाखाली टपटप चालू असते.

लाकूड किती, कार्बन किती असं मोजायला गेलं तर खालचं उंच रान या बुटक्या रानापेक्षा सरस ठरेल. पण पाण्याच्या हिशेबात हे वरचं रान मोठं. प्रत्येक उंचीचं देणं वेगळं असतं. खाडी मासे आणि चिखलातला कार्बन देते, पायथा कोकम, काजू, पोफळी देतो, घाटाचा चढ माती धरून ठेवतो, माथा पाणी साठवतो. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनापासून याला 'परिसंस्था सेवा' म्हणायची पद्धत रुळली. मला त्यापेक्षा आपला 'देणं' शब्द जवळचा वाटतो. मराठीत देणं म्हणजे जे मिळालं तेही, आणि जे फेडायचं आहे तेही.

आंबोलीचा धबधबा कोरडा होता. नुसता काळा कातळ, आणि खाली चहा-भज्यांच्या बंद टपऱ्या. पावसाळ्यात इथे उभं राहायला जागा मिळत नाही. तिथून आम्ही हिरण्यकेशीला गेलो. रान उतरत जाणारी छोटी वाट, खाली मंदिर, मागे गुहा, आणि गुहेतून येणारं पाणी. ते वाहत होतं. मनगटाएवढी धार, पण अखंड. मे संपत आला होता, शेवटचा मोठा पाऊस होऊन सात महिने उलटले होते, आणि डोंगर अजून देत होता. धबधब्याचा पाऊस पडला त्याच दिवशी निघून गेला. हा पाऊस थांबलेला.

कुंडात वाकून बघत बसले. तळाशी, दगडाच्या आडोशाला, बोटाहून लहान एक मासा पोटावर टेकून होता. अंगावर पट्टे. हिरण्यकेशीच्या नावानेच ओळखला जाणारा हा मासा २०२० साली शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला आणि पुढच्या वर्षी हा परिसरही जैवविविधता वारसा स्थळ झाला. तो हलेना. मीही बराच वेळ हलले नाही.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकू रात्री म्हणाल्या, एवढा पाऊस पडतो आमच्याकडे, तरी मे महिन्यात हंडे घेऊन फिरायची पाळी येते. जिथे सडा, म्हणजे उघडं कातळपठार, आहे तिथे पाणी टिकत नाही, जिथे रान आहे तिथल्या झऱ्यावर जावं लागतं. मला मावशीची विहीर आठवली. सात हजार मिलिमीटर पावसातही तहान लागू शकते. पाऊस उंची आणते, पण तो ठेवून घ्यायचं काम झाडांचं आहे.

झाडं पाणी ठेवतात तसं पितातही, हे इथे सांगायला हवं. भराभर वाढणाऱ्या परक्या झाडांची दाट लागवड झऱ्याचं पाणी कमीही करू शकते. त्यामुळे 'झाडं लावा' एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या उंचीवर, कुठल्या मातीत, कुठलं झाड, हे बघावं लागतं. आणि जिथे मुळात रान नाही तिथे झाडं लावणंही चूकच. आंबोलीचा सडा बघा. उघडा, काळपट जांभा, वाळलेलं गवत, मे महिन्यात तिथे काहीच नाही असं वाटतं. सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पोटखराबा' म्हणतात. पण पहिल्या पावसाने त्याच्या खळग्यांत पाणी साचलं की आंबोलीचा टोड तिथे अंडी घालतो. जगात इतरत्र न सापडणारा हा भेक २००९ साली वेगळी जात म्हणून नोंदला गेला. त्यानंतर सडा फुलांनी भरतो, आणि सातेरी मधमाश्या तिथे चरायला येतात. त्या खराब्यावर झाडांचे खड्डे खणले तर तो भेक कुठे जाणार?

केंद्र सरकारने नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाची पर्यावरणाच्या दृष्टीने वर्गवारी करताना उंची, चढ आणि रान या गोष्टी एकत्र धरल्या होत्या. त्या अहवालावर खूप भांडणं झाली, अजून होतात. मला त्यातली ही एक गोष्ट फार पटते. डोंगर आणि झाड वेगवेगळं मोजता येत नाही.

चौथ्या दिवशी दादा सावंतवाडीला परतला आणि मी आजऱ्याची एसटी धरली. आंबोलीच्या माथ्यावर कुठेतरी ती न दिसणारी रेघ लागते, जिच्या पश्चिमेचा थेंब तेरेखोलच्या खाडीत उतरतो आणि पूर्वेचा हिरण्यकेशीतून घटप्रभेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. खिडकीतून रान विरळ होताना दिसत होतं. आश्चर्य म्हणजे गाडी फारशी उतरत नाही. आजरा, गडहिंग्लज हा सगळा पठाराचा मुलूख, उंची आंबोलीहून थोडीच कमी. तरी पाऊस मात्र झपाझप उतरत जातो. ढग आपलं ओझं घाटाच्या तोंडावर टाकून हलके झालेले असतात. म्हणजे नुसती उंचीही पुरत नाही, वाऱ्याकडे तोंड करून उभी असलेली उंची लागते. पुढे गडहिंग्लज, संकेश्वरकडे ऊस दिसतो तो पावसावर नाही, नदीवर. आणि नदी त्या गुहेतली.

आजऱ्याला ज्यांच्याकडे उतरले त्या मामांचं दीड एकर घनसाळ आहे. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हाच भात दुसरीकडे लावला तर असा घमघमत नाही, असं ते म्हणाले. माती, पाऊस, आणि भात पोटरीत येताना पडणारी थंडी, सगळं जुळावं लागतं. संध्याकाळी ते मला रामतीर्थावर घेऊन गेले. हिरण्यकेशी तिथे कातळावरून उडी घेते. आता धार बारीक होती, खाली डोहात दोन पोरं पोहत होती.

"आंबोलीला पडला की हितं नदी चढती बघा," मामा म्हणाले. "आमचं आभाळ तिकडंच हाय."

मी त्यांना गुहेतल्या धारेबद्दल सांगितलं. त्यांनी ती पाहिली नव्हती. पासष्ट वर्षं त्या पाण्यावर भात काढला, पण उगमाला जाणं झालं नाही. पावसाळा सरला की जायचं असं त्यांनी मामींना तिथूनच फोन करून सांगितलं.

रात्री जेवायला घनसाळचा भात होता. मी मावशीने दिलेली आगळाची बाटली काढली आणि मामींनी त्याची सोलकढी केली. खोबरं वाटायला मी बसले. भाताची वाफ तोंडावर येत होती आणि पश्चिमेकडे लांबवर विजा चमकत होत्या, आवाज न येणाऱ्या. साडेनऊच्या सुमारास दादाचा फोन आला. सावंतवाडीत वळीव कोसळत होता, घाटात तर दिसेनासं झालं होतं.

"सोलं?" मी विचारलं.

"आत घेतली. पण शेवटचं पूट राहिलं म्हणून आई हळहळतेय."

मग तो थोडा वेळ गप्प राहिला. फोनमधून पागोळ्यांचा आवाज येत होता. "मी छत्री घेऊन मागे जाऊन आलो," तो म्हणाला. "डोंगरावरनं पाणी येतंय. लाल."